हायड्रा भाड्याने मिळेल

मागच्या पत्र्यावर पिवळ्या अक्षरांत एवढंच लिहिलंय,
खाली मोबाईल नंबर. त्यातला शेवटचा आकडा
मोसंबीच्या ट्रकनं घासून नेला,
तरी लोकांचे फोन बरोबर लागतात.

बारा टन उचलते. एकच मान,
पुढं आकडा, आकड्याला साखळी.
जालन्यात हायड्रा म्हणजे ही. दुसरं काही नाही.
उलटलेला टँकर, रोलिंग मिलचा गिअर,
मारुतीच्या देवळाचा कळस,
एकदा कुंडलिकेच्या गाळात रुतलेली म्हैस,
जिवंत.

सुकेशनी परीक्षेच्या पुस्तकातून मान वर न काढता म्हणाली,
पप्पा, हायड्रा म्हणजे नऊ डोक्यांचा साप. ग्रीसमधला.
दलदलीत राहायचा.
एक डोकं छाटलं की तिथं दोन फुटायची.
मग मारला कुणी?
हर्क्युलिसनं.

मला हसूच आलं. हर्क्युलिस तर माझ्या बापाची सायकल.
काळी, कॅरेजला वेल्डिंगच्या कांड्यांची पेटी.
बाप गेल्यावर भंगारात घातली,
मीच उचलली, याच आकड्यानं,
शंभर पत्र्यांच्या गठ्ठ्यात तिचं एक हँडल बाहेर.
फेज टूच्या भट्टीत गेली, सळई होऊन निघाली,
आता कुणाच्या तरी स्लॅबात असेल.
आमच्याकडं गोष्ट अशी उलटी झालेली.

सोमवारी पालिकेचा फोन. अतिक्रमण.
स्टेशन रोड, पहाटे सहा, पोलीस सोबत.
साहेब गॉगल पुसत म्हणाले,
या टपऱ्या म्हणजे हायड्रा आहे हायड्रा,
एक काढली की दोन उगवतात.
मग माझ्या गाडीकडं बघून जरा अडखळले.
ही नाही हो. तो दुसरा.
माहितीय, म्हणलं. दलदलीतला.

कडूबाईची टपरी हवेत गेली
तेव्हा तिच्यातून पोह्यांचा एक डबा सांडला.
चिमण्या आल्या. पंचनाम्यात चिमण्या नाहीत.
मुन्शीखाँची उचलली, तर आत खिळ्याला लटकलेले कप
एकमेकांवर वाजत राहिले थेट ट्रकपर्यंत.
सिद्धोधन गॅसकटर घेऊन वाकला,
लोखंडी पाय जमिनीलगत कापले,
बुडखे लाल होईस्तोवर जाळले.

रात्री सुकेशनी म्हणाली,
हर्क्युलिससोबत त्याचा पुतण्या होता.
हा मान छाटायचा, तो मशालीनं डाग द्यायचा,
पुन्हा फुटू नये म्हणून.
भाकरीचा घास तसाच राहिला.
सिद्धोधन माझ्या थोरल्या भावाचा पोरगा.
म्हणजे त्या गोष्टीत मी कोण, हे कळलं.
तासाला बाराशे, डिझेल त्यांचं.

गुरुवारी मुन्शीखाँ रेल्वेच्या भिंतीला लागून बसलेला,
त्याचा जावई समोर, हातगाडीवर.
मी दोन्हीकडं चहा घेतला.
मुन्शीखाँनं पैसे घेतले, सुटे मोजून दिले,
नावानं हाक मारली नाही.

सापाची डोकी मोजणाऱ्यानं
तोंडं मोजली होती का?
नऊ तोंडं, दोन टाइम.
आणि ती दलदल आधी कुणाची होती,
कुणी सोडलं होतं तिथं पाणी,
पुस्तकात शोध म्हणलं. तिनं शोधलं.
परीक्षेला येत नाही म्हणाली.

एक गोष्ट तिनं मागून सांगितली.
नऊतलं एक डोकं मरतच नव्हतं.
मग ते जमिनीत पुरलं
आणि वर भला मोठा धोंडा ठेवला.

हे मी तिला सांगितलेलं नाही:
त्या सोमवारी शेवटी सिमेंटचे ठोकळे आले,
तीन-तीन टनांचे, पुन्हा कुणी बसू नये म्हणून.
ठेवले मीच.
मुन्शीखाँच्या जागेवर ठोकळा उतरवताना
खाली चुलीची राख दिसली, मधोमध एक निखारा
डोळा किलकिला करावा तसा.
साहेब हात हलवत होते, खाली, अजून खाली.
मी लिव्हर सोडला.

आता थंडीत लोक त्या ठोकळ्यावर बसतात,
बसची वाट बघत.
खालून ऊब लागते म्हणतात.
मी अजून बसून बघितलं नाही.